सहा फुटांत अर्धा इंच

मराठवाड्यातील गृहस्थाश्रम समपातळीवर अधिष्ठित आहे, असा दावा त्या गृहस्थाश्रमाच्या कट्टर अभिमान्यानेही आजवर केल्याचे ऐकिवात नाही. परळीहून लातूर रोडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, बालाघाटाच्या पठारावर वसलेल्या आमच्या घाटनांदुरात जमीन मुळातच उताराची, तिच्यातली काळी माती स्वभावाने चंचल, त्या मातीत पाया घालणारे उदार अंतःकरणाचे आणि घालून घेणारे त्यांच्याहून उदार. त्यामुळे ज्याच्या ओट्याच्या सर्व पायऱ्या सारख्या उंचीच्या आहेत, ज्यातील कपाटाचे दार आपण होऊन उघडत नाही आणि ज्याच्या देवघरातील चौरंगाच्या एका पायाखाली गतवर्षीच्या पंचांगाची घडी घातलेली नाही, असे घर या गावात शोधू जाणाऱ्याने दोन वेळची शिदोरी बरोबर बांधून घेतलेली बरी.

तथापि या विषमतेविरुद्ध कोणी अर्ज केल्याचे किंवा फिर्याद गुदरल्याचे उदाहरण नाही. मनुष्याचा पाय हा मोठा समंजस अवयव असून, जमीन अर्धा इंच इकडे वा तिकडे झाली तर तो ते प्रकरण घोट्यापाशीच परस्पर मिटवून टाकतो, मेंदूच्या कचेरीपर्यंत जाऊ देत नाही. शिवाय आम्ही मंडळी प्रसंगी बुद्धिपुरस्सर तिरपेपणाचा आश्रय करीत आलो आहोत. पानात कालवण वाढले की ताटाखाली टेकण लावून ते एका अंगाला गोळा करावयाचे आणि मग त्यात भाकरी कुस्करावयाची, हा आमच्याकडील भोजनाचा शिरस्ता ज्याने पाहिला आहे, त्याला समपातळी ही जीवनावश्यक वस्तू वाटण्याचा संभव नाही.

एकट्या पाण्याला मात्र तडजोड मंजूर नाही. पाणी हा असा अंमलदार आहे की जो नजराणा घेत नाही, शिफारस ऐकत नाही, रजेवर जात नाही आणि बदलीच्या हुकमाला भीत नाही. त्याला कोठेही हजर करा, तो क्षणार्धात क्षितिजाशी समांतर होतो आणि आपला अहवाल दाखल करून स्वस्थ बसतो. आमच्या पूर्वजांनी हे त्याचे शील पुरते ओळखले असावे, कारण त्यांनी त्याला नेहमी अपारदर्शक भांड्यांत कोंडून ठेवले. रांजणात, हौदात, हंड्यात, अलीकडच्या काळात टिपाडात आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीत त्याचे अहवाल पिढ्यान्‌पिढ्या दप्तरबंद पडून राहिले. पाण्याला काचेच्या पेटीत घालून, वर दिवा लावून, बैठकीच्या खोलीत पाहुण्यांसमोर उभे करण्याचा अविचार आमच्या घराण्यात प्रथमच झाला, आणि तोही परक्याच्या प्रेमामुळे.

आमच्या मेहुण्यांचे चिरंजीव पुण्यास नोकरीला होते. त्यांची बदली बंगळुरास झाली, तेव्हा सहा फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी आपली मत्स्यपेटी तिकडे नेणे त्यांना परवडेना, विकणे जिवावर येत होते असे तर मुळीच नव्हते, पण गिऱ्हाईक मिळेना. सबब ती त्यांनी घाटनांदूरच्या आत्याला अत्यंत प्रेमपूर्वक अर्पण केली. टेम्पो दारात उभा राहिला. बारा मिलिमीटर जाडीच्या काचेची रिकामी पेटी एक क्विंटलाहून अधिक भरते, त्यामुळे ती उतरवण्यास गल्लीतील यच्चयावत तरणी मंडळी लागली आणि उतरवून झाल्यावर त्या सर्वांचा चहा झाला. लोखंडी अँगलचा स्टँड बैठकीतल्या शहाबादी फरशीवर मांडला, त्यावर पेटी चढली, तळाशी वाळूखडे पसरले, आणि रात्री वीज आली तशी बोअरची मोटार लावून पाणी भरण्यात आले. एकवीस इंच पाणी म्हणजे एकवीस घनफूट, म्हणजे सुमारे सहाशे लिटर. त्यात गोल्डफिश, एंजल आणि काच चाटत फिरणारा एक काळा सकर मासा अशी वसाहत झाली.

दोष उघडकीस आणण्याचा मान व्याह्यांकडे गेला, आणि तो त्यांच्याकडेच जावा यात आश्चर्य नाही. घरचा मनुष्य मासे पाहतो, शेजारी काचेची किंमत विचारतो, लहान मूल आपले नाक काचेला लावते. परंतु मुलीच्या सासरचा मनुष्य मुळातच न्यून शोधण्याच्या भूमिकेतून उंबरठा ओलांडत असल्यामुळे त्याची दृष्टी पेटीच्या वरच्या काळ्या पट्टीकडे आणि त्या पट्टीखालच्या पाण्याच्या रेषेकडे जाते. डावीकडे त्या दोहोंत दीड इंच अंतर होते, उजवीकडे एक इंच. व्याह्यांनी बशीतला चहा फुंकून घेतला आणि म्हणाले,

"सगळं झकास आहे हो. फक्त पाणी तेवढं तिरपं दिसतंय."

घर तिरपे, फरशी तिरपी, स्टँड तिरपा, पेटी तिरपी, आणि या साऱ्या लवाजम्यात जो एकटाच सरळ होता त्याच्यावर तिरपेपणाचे तोहमत! पण पाण्याच्या बाजूने त्या दिवशी कोणी वकीलपत्र घेतले नाही. उलट "हो, मोटारीचं पाणी आहे, बसेल हळूहळू," असा खुलासा आमच्या ज्येष्ठ बंधूंनी केला, आणि सहाशे लिटर पाणी बसून बसून सरळ होण्याची वाट घरातील काही मंडळींनी प्रामाणिकपणे पाहिली.

मग तहकिकात सुरू झाली. पुतण्याने मोबाइलमधील पातळी मोजण्याचे साधन उघडून तो फोन पेटीवर आडवा ठेवला. उतार अडीच अंश निघाला. शेजारच्या मुलाच्या फोनने एक अंश सांगितला आणि वहिनींच्या फोनने उतार विरुद्ध दिशेला असल्याचे कळविले. या यंत्रांच्या पाठीवर कॅमेऱ्याचा उंचवटा असतो आणि ज्याच्या स्वतःच्याच पाठीला कुबड आहे तो दुसऱ्याच्या कण्याविषयी काय साक्ष देणार, हा विचार कोणाला सुचला नाही. सुचला तो शेवटी रेल्वेतून सेवानिवृत्त झालेल्या काकांना, आणि त्यांनी तिन्ही फोन बाजूस सारून सुताराचा टेप मागविला.

हे काका आमच्या गल्लीचे भूषण होत. निजामाच्या रेल्वेने विकाराबादेपासून बीदरमार्गे परळीपर्यंत जो लोहमार्ग आणला, त्याच्या सेवेत त्यांच्या घराण्यातील दोन पिढ्या खर्ची पडल्या असून, जगातील कोणताही प्रश्न ते प्रथम रुळांच्या भाषेत मांडून घेतात. त्यांनी दोन्ही टोकांचे माप घेतले, तोंडाने हिशेब केला आणि निकाल दिला की, सहा फुटांत अर्धा इंच म्हणजे एकशे चव्वेचाळीसात एक. रेल्वेच्या नियमाप्रमाणे स्थानकाच्या आवारातील रुळाला चारशेत एक यापेक्षा अधिक चढ देता येत नाही, कारण त्याहून जास्त ढाळ असला तर सोडून ठेवलेला वाघीण-डबा आपण होऊन चालू लागतो. "तुमची बैठक स्टेशन म्हणून मंजूर होणार नाही," ते अत्यंत गंभीरपणे म्हणाले. "इथं मालडबा उभा केला तर सकाळी स्वैपाकघरात सापडेल." आमच्या घरातील कोणाचाही बैठकीत मालडबा उभा करण्याचा इरादा नव्हता, पण एखादी गोष्ट रेल्वेला नामंजूर आहे असे एकदा कळले की तिच्यासह एका छपराखाली झोपणे मनुष्याला जड जाते.

पलीकडचे गुरुजी वास्तुशास्त्राचे जाणकार. त्यांनी मान डोलावून सांगितले की, घराचा उतार ईशान्येकडे असणे हे परमभाग्याचे लक्षण असून, जलाशय त्याच कोपऱ्यात झुकलेला असावा यापरते शुभ दुसरे काही नाही, तेव्हा याला कोणी हात लावू नये. घरात दोन घटका मोठे समाधान पसरले. दुर्दैवाने पुतण्याने होकायंत्र लावून पाहिले तेव्हा झुकलेली बाजू आग्नेय निघाली. अग्नीच्या कोपऱ्यात सहाशे लिटर पाणी, आणि तेही त्याच बाजूला अर्धा इंच जास्त! गुरुजींनी काही वेळ डोळे मिटले, आणि सूर्य उत्तरायणात असताना मोबाइलचे होकायंत्र किंचित फिरते, असे एक मत व्यक्त करून ते चहा न घेता गेले.

वस्तुतः काचेच्या पेटीत मासे पाळून ते दिवाणखान्यात मांडण्याचा हा उद्योग आपल्या मुलखाचा नव्हेच. लंडनच्या रीजंट्स पार्कातील प्राणिसंग्रहालयात १८५३ साली पहिले सार्वजनिक मत्स्यगृह उघडले, पुढच्याच वर्षी फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने त्या विषयावर ग्रंथ लिहिला, आणि मग व्हिक्टोरिया राणीच्या राज्यातील सुखवस्तू कुटुंबांत या छंदाची जी साथ आली ती आवरता आवरेना. त्यांच्या पेट्यांना लोखंडी चौकट, पाटीच्या दगडाचा तळ आणि सांध्यांत लांबी असा जंगी सरंजाम असे. काचेला काच नुसत्या सिलिकॉनने चिकटवून, चौकटीच्या जामिनाशिवाय पाणी भरण्याची छाती मनुष्याला पुढच्या शतकाच्या उत्तरार्धात झाली. आपल्याकडे १९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले गेले, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले, आणि मुंबई पाहून आलेला मराठवाड्यातील मनुष्य राणीच्या बागेनंतर त्याचेच वर्णन करू लागला. ते वर्णन ऐकून कोणी गावात पेटी आणली नाही याचे कारण रसिकतेचा अभाव नव्हे. मुंबईचे मत्स्यालय समुद्राला लागून आहे. आमच्याकडे समुद्राची ओळख आहे ती रेल्वे फलाटाच्या टोकावरील पिवळ्या फलकापुरती, ज्यावर त्या समुद्राच्या सपाटीपासून आपण किती मीटर वर आहोत एवढे लिहिलेले असते. आणि पाण्याच्या बाबतीत आम्ही कोठे आहोत हे सांगणारा फलक लावण्याची गरज नाही.

अखेरीस गवंडी बोलावण्यात आला. तो आला, चपला काढल्या, फरशीवर उकिडवा बसला, एक डोळा मिटून लांबवर पाहिले आणि ज्या प्रश्नाने तीन मोबाइल, रेल्वे खाते आणि वास्तुशास्त्र यांना हैराण केले होते तो एका वाक्यात निकालात काढला.

"सर, फरशी वाकडी न्हाई. ढाळ हाय."

मग त्याने सविस्तर जबानी दिली. ही फरशी त्याच्या बापाने बसविली होती. आमच्या तीर्थरूपांनी स्वतः उभे राहून दाराच्या बाजूला ढाळ द्यावयास लावला होता. कारण दसऱ्या-दिवाळीला बैठक धुतली की पाणी कोपऱ्यात न तुंबता उंबऱ्याच्या भोकातून थेट अंगणात जावे. "तुम्ही खुळ्यावानी सरळ करायलाव," तो म्हणाला, "आन बापानं मुद्दाम वाकडी केलती." त्यावर बैठकीत जी शांतता पसरली ती अर्थपूर्ण होती. ज्याला आम्ही दोष समजून पंचनामा मांडला होता तो घराण्याचा वारसाहक्क निघाला.

आणि विचार केला असता तीर्थरूपांचे धोरण या मुलखाच्या परंपरेला धरूनच होते. सतराव्या शतकाच्या आरंभी मलिक अंबराने तेव्हाच्या खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डोंगरातील पाणी नहरीने आणले, ते पंपावाचून, इंजिनावाचून, केवळ ढाळाच्या हिशेबावर. बीडजवळच्या खजाना बावडीतून भुयारी पाटाने पाणी शेतांत जाते तेही त्याच हिशेबाने. बालाघाटाच्या एका अंगाचा पाऊस गोदावरीकडे आणि दुसऱ्या अंगाचा मांजरेकडे जातो, आणि मांजराही पुढे जाऊन गोदावरीलाच मिळते, यात कोणाला काही वावगे वाटत नाही. पाणी चालते ठेवावयाचे तर ढाळ हवाच. पंचाईत होते ती चालणाऱ्या पाण्यासाठी बांधलेल्या घरात पाणी उभे करून दाखविण्याची हौस आली म्हणजे.

गवंड्याने आणखी एक पुस्ती जोडली. ढाळ बापाने पाव इंचाचाच दिला असावा. उरलेला पाव इंच जमिनीने आपल्या हाताने घातला. आमच्या काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट नावाचे जे खनिज असते ते पाणी प्याले की फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. ज्यांचा पाया मुरमापर्यंत गेलेला नाही ती घरे त्यामुळे वर्षभर श्वासोच्छ्वास करीत राहतात आणि ज्येष्ठातली पातळी भाद्रपदात राहत नाही. दाराच्या डोक्यावरची चीर मात्र मातीची नाही, ती ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेची, किल्लारीच्या भूकंपाची आहे. तिच्याकडे बोट गेले की आमच्याकडील थट्टा-मस्करी आपोआप थांबते, तशी ती त्याही वेळी थांबली.

एवढ्यात बंगळुराहून मूळ धन्याचा फोन आला आणि त्याने एक चलच्चित्र पाठविले. बर्लिन शहरातील एका हॉटेलात सोळा मीटर उंचीचे, दहा लाख लिटर पाण्याचे आणि सुमारे दीड हजार माशांचे एक प्रचंड दंडगोलाकार मत्स्यालय होते. १६ डिसेंबर २०२२ रोजी पहाटे ते एकाएकी फुटले आणि ते सारे पाणी हॉटेल ओलांडून रस्त्यावर गेले. पुढे मोठी चौकशी झाली, पण नेमके कारण तज्ज्ञांना निश्चयाने सांगता आले नाही. हे पाहिल्यापासून आमच्या घरातील वातावरण पालटले. पेटीजवळून जाताना मंडळी पावले हलकी टाकू लागली, लहान मुलांना खोकण्याची मनाई झाली, आणि बंधूंनी आपली खाट, कोणालाही कारण न सांगता, मागच्या पडवीत हलविली.

येथे शास्त्रार्थ पाहणे प्राप्त झाले. एकवीस इंच पाण्याचा समोरच्या सहा फुटी काचेवर जो एकूण दाब पडतो तो सुमारे अडीच क्विंटल भरतो. हा आकडा ऐकून मनुष्य दचकतो, पण ती काच तो दाब पुण्यातही सोसत होती. खालच्या टोकाला अर्धा इंच पाणी अधिक झाल्याने तेथील भार वाढतो तो पाच टक्क्यांच्या आत. म्हणजे कलणे हा फार मोठा गुन्हा नव्हे. गुन्हा आहे तो पिळण्याचा. चार पायांचा स्टँड खडबडीत शहाबादी फरशीवर ठेवला तर त्याचा एक पाय हमखास अधांतरी राहतो, कारण एक पातळी ठरविण्यास तीन बिंदू पुरेत आणि चौथा नेहमी तंटेखोर निघतो. रिकामा असताना असा स्टँड नुसता डुगडुगतो, पण त्यावर आठ क्विंटल ओझे आले की तो मुकाट्याने पिळतो, त्याच्याबरोबर तळाची काच पिळू पाहते, आणि काचेला सर्व काही सोसते पण पीळ सोसत नाही. पेटीखाली जी थर्मोकोलची पत्रे घालतात ती बारीक उंचसखलपणा पोटात घेतात. संबंध पेटीचा कल ती काढू शकत नाहीत. आमच्या पेटीखाली थर्मोकोल होता. चौथा पाय मात्र, गवंड्याने त्याखालून कागदाचा कपटा सहज आरपार ओढून दाखविला तेव्हा कळले की, आल्या दिवसापासून हवेत होता.

उपाय सरळ होता. पाणी उपसावे, स्टँडच्या पायांखाली पट्ट्या सारून तो समपातळीत आणावा आणि पुन्हा पाणी भरावे. भरल्या पेटीखाली पाचर ठोकणे म्हणजे संकटाला आमंत्रणपत्रिका धाडणे होय. परंतु या तजविजीला दोन ठिकाणांहून हरकत आली.

पहिली हरकत बंधूंची. त्यांची हयात महसूल खात्यात गेलेली असल्यामुळे, कसूर नाहीशी करणे आणि कसुरीची नोंद नाहीशी करणे यांपैकी दुसरा मार्ग ते नेहमीच अधिक किफायतीचा मानतात. त्यांची सूचना अशी की, पेटीच्या वरच्या कडेला चार इंच रुंदीची काळी सनमायकाची पट्टी सर्व बाजूंनी चिकटवावी, म्हणजे पाण्याची रेषा तिच्याआड जाईल आणि प्रकरण आपोआप दप्तरी दाखल होईल. "रेषा दिसली नाही तर तिरपं कशावरून?" त्यांनी विचारले, आणि या प्रश्नाला कायद्याच्या कक्षेत उत्तर नव्हते. ही युक्ती मत्स्यपालनाच्या व्यवहारात सर्वत्र रूढ आहे हेही सांगितले पाहिजे. पुष्कळ पेट्यांना कारखान्यातच जी रुंद पट्टी लावून देतात तिचे निम्मे पुण्य याच कामी खर्च होत असावे. चौथ्या पायाला मात्र सनमायका लावून चालण्यासारखे नव्हते.

दुसरी हरकत आमच्या थोरल्या आत्याबाईंची, आणि ती अधिक मूलगामी होती. त्यांच्या मते तिरपेपणा हा प्रश्नच नव्हता. प्रश्न सहाशे लिटरांचा होता. "माणसाला पेयाला पाणी न्हाई आन माशाला हौद!" हे त्या पेटी आल्या दिवसापासून म्हणत होत्या. पेटी उपसावयाची असे कानावर येताच त्यांनी माळ बाजूस ठेवली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाच लाख लिटर पाणी भरून रेल्वेगाडी लातूरला आली, तेव्हा मांजरेच्या धरणात लोटा बुडेल इतकेही पाणी नव्हते, आणि त्या उन्हाळ्यात टँकरमागे धावताना त्यांच्या हातची घागर फुटली होती. अशा बाईसमोर सहाशे लिटर पाणी गटारीत सोडण्याचा विषय काढणे हे धाडसाचे काम होते. "थेंब भाईर गेला तर मी बी भाईर जाईन," असे त्यांनी जाहीर केले, आणि घरातील एकानेही या वाक्याची सत्यता पडताळून पाहण्याची इच्छा दर्शविली नाही.

गंमत अशी की या बाबतीत शास्त्र आत्याबाईंच्या बाजूने उभे राहिले. माशांच्या विष्ठेतून निघणारा विषारी अमोनिया पचवून टाकणारे जे सूक्ष्म जिवाणू वाळूत आणि फिल्टरमध्ये वस्ती करतात ते सुकले तर मेले, आणि मुरलेले पाणी टाकून सगळेच नवे भरले तर माशांना बाधते. तेव्हा जुने पाणी जपून ठेवून तेच पुन्हा भरणे हाच शहाणपणाचा मार्ग. हे ऐकून आत्याबाई ठसक्यात म्हणाल्या, "मंग, मी काय म्हनायले?" आणि त्या क्षणापासून मोहिमेची सूत्रे त्यांच्या हाती गेली.

घरातील पाणी धरू शकणारी यच्चयावत वस्तू बैठकीत हजर करण्यात आली. टिपाडे, पितळी घंगाळ, लग्नकार्याची पातेली, कळश्या, दुधाची बरणी, बाळंतिणीची पसरट परात, शेजारून मागून आणलेले दोन हंडे. नळी तोंडाने ओढून पाणी सुरू केले ते पुतण्याने, आणि पहिला घोट त्याच्या पोटात गेला हे त्याने मोठ्या मनाने लपविले. एंजल मासे घंगाळात गेले, गोल्डफिश पातेल्यांत, सकर माशाला कळशीत ठेवले आणि कोणती कळशी ते लगेच विसरले, त्यामुळे त्या संध्याकाळी प्रत्येक कळशीत हात घालून पाहिल्याशिवाय कोणी चहाचे आधण ठेवीना. पेटीच्या तळाशी वाळू बुडेल इतके पाणी तेवढे राहिले.

गवंड्याने मग पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरले, तिचे एक तोंड डाव्या पायाशी आणि दुसरे उजव्या पायाशी धरले. दोन्ही टोकांचे पाणी एका पातळीत येते, त्या खुणेवरून किती पट्टी घालावयाची ते समजते. इजिप्तपासून घाटनांदुरापर्यंत इमारती उभ्या राहिल्या त्या पाण्याच्या याच इमानावर. तक्रारही पाण्याची, साक्षही पाण्याची आणि निवाडाही पाण्याचाच! पायांखाली लोखंडी पट्ट्या गेल्या, आडव्या मापाबरोबर कर्णाची मापेही घेतली गेली, चौथा पाय जमिनीवर आला, आणि कागदाचा कपटा या वेळी अडकून फाटला.

या सर्व धांदलीत मासे मात्र निर्विकार होते, आणि ते सकारण. माशाच्या कानात खड्यासारखे सूक्ष्म कण असतात. त्यांच्या भारावरून त्याला खाली कोणते आणि वर कोणते ते कळते, आणि उजेडाकडे पाठ ठेवण्याची त्याला उपजत खोड असते. एरिक फॉन होल्स्ट या जर्मन शास्त्रज्ञाने बाजूने दिवा लावून पाहिले, तर मासे त्या बाजूला कलून पोहू लागले. पेटीचा तळ कोणत्या बाजूला झुकला आहे याची मासा दखलच घेत नाही. म्हणजे बापाने ढाळ दिलेल्या, मातीने कलविलेल्या आमच्या घरात इतके दिवस जी मंडळी काटेकोर समपातळीत वावरत होती, तीच आता पातेल्यांत तरंगत आमच्याकडे पाहत होती.

पाणी परत भरले. आत्याबाईंच्या देखरेखीखाली ते मोजून भरले, आणि अर्धी कळशी कमी आली तेव्हा पुतण्याकडे सर्वांनी संशयाने पाहिले. काळ्या पट्टीला पाण्याची रेषा टोकापासून टोकापर्यंत समांतर झाली. बंधूंनी आपली खाट परत आणली, रेल्वेच्या काकांनी टेप लावून "लेव्हल" असा शेरा दिला, आणि व्याह्यांना मुद्दाम चहाला बोलावण्यात आले.

व्याह्यांनी पेटीकडे पाहिले, फरशीच्या सांध्यांकडे पाहिले, भिंतीच्या पायथ्याच्या काळ्या पट्ट्याकडे पाहिले, खिडकीच्या कठड्याकडे पाहिले, आणि बशी खाली ठेवली.

"पाणी सरळ झालं हो. पण आता स्टँड तिरका दिसतोय."

ते खरे होते. वाकड्या घरात एक वस्तू सरळ करण्यातला धोका आमच्या ध्यानात तेव्हा आला. स्टँड ओळंब्यात उभा होता, आणि म्हणून त्याच्या मागची भिंत, बाजूचे कपाट, वरचा लक्ष्मीचा फोटो आणि शेजारचे दार ही सर्व एका बाजूला लवंडलेली दिसू लागली होती; जी मंडळी इतकी वर्षे एकमेकांना सांभाळून उभी होती ती एकाएकी उघडी पडली. बंधूंनी लक्ष्मीचा फोटो सरळ केला, तेव्हा आजोबांचा वाकडा दिसू लागला. तो सरळ केला, तेव्हा घड्याळ. गवंड्याला पुन्हा विचारले असता त्याने संपूर्ण बैठक उखडून नव्याने फरशी बसविण्याचा अंदाज सांगितला, आणि तो आकडा ऐकून घड्याळ जसे होते तसेच राहू देण्याविषयी घरात एकमत झाले. शिवाय ढाळ गेला तर दिवाळीत बैठक धुवायची कशी, हा आत्याबाईंचा सवाल होताच.

शेवटी मार्ग काढला तो काकांनीच. रेल्वे आपला चढउतार कोणापासून लपवीत नाही; रुळाच्या कडेला खांब रोवून, त्याला तिरपा हात जोडून, त्यावर आकडा रंगवून ती तो जाहीर करते, आणि मग त्याबद्दल कोणी प्रवासी तक्रार करीत नाही. त्यांनी फळीचा एक तुकडा रंधून आणला, पांढरा रंग दिला, काळ्या अक्षरांत "१/१४४" असे सुबक रंगविले आणि तो दाराशेजारी, ढाळाच्या दिशेने अंमळ कललेला असा ठोकला. आता येणारा मनुष्य प्रथम फलक वाचतो आणि मग बसतो. व्याह्यांनी मात्र त्याचा अर्थ विचारला नाही, पुढच्या महिन्यात त्यांच्या घरच्या मुंजीची पत्रिका टपालाने आली, तिच्यावर बंधूंचे नाव, "घर नं. १/१४४, मु. पो. घाटनांदूर" असा पत्ता होता, आणि टपालवाल्याने ती बिनबोभाट आमच्याच दारात आणून टाकली.